अमावस्येला सर्व्हर बंद

स्नेहा पगारेला वाद टाळता येत नाही, आणि मला तिची हीच गोष्ट आवडते. नाशिकरोडला आमची घरं समोरासमोर. लासलगावच्या काही कांदा व्यापाऱ्यांसाठी रोजचे भाव दाखवणारी वेबसाइट ती सांभाळते. वेबसाइट उघडली की मागून ते पान पुरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे वेब सर्व्हर. तो कसा बसवायचा आणि कसा सांभाळायचा, यावर तिने मागच्या वर्षी मराठीत पुस्तक लिहिलं.

पुस्तक बरं खपलं. मग ऑनलाइन दुकानात वाचकांचे अभिप्राय यायला लागले आणि सगळे एकाच वाक्यावर तुटून पडले. तिने लिहिलं होतं, 'सर्व्हर बंद ठेवून करायची कामं शक्यतो अमावस्येला उरका.' झालं! तांत्रिक पुस्तकात पंचांग कशाला, इथपासून सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली का, इथपर्यंत मजल गेली. एका शहाण्यानेही पुढची ओळ वाचली नव्हती. आमच्याकडचे बरेच व्यापारी अमावस्येला लिलावात उतरत नाहीत, मग त्या दिवशी भाव बघायला साइटवर येणार कोण? एवढं साधं कारण तिथेच छापलेलं होतं. वाचून माझं डोकं फिरलं.

वाक्य काढा, नाहीतर दुसरी आवृत्ती विसरा, असा प्रकाशकाचा फोन आला. स्नेहाने विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. नाही म्हणाली.

खरी पंचाईत घरात होती. तिचे वडील भिकन गुरुजी निवृत्त शिक्षक. उभा जन्म त्यांनी वस्तीत अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्यात घालवला, स्वतःचं लग्नही मुद्दाम अमावस्येला लावलं. ते अभिप्राय वाचून त्यांनी मुलीशी अबोला धरला. एका संध्याकाळी मी तिथे असतानाच तो सुटला.

"आपण अमावस्या घराबाहेर काढली," ते म्हणाले. "तू ती पुस्तकातून परत आणलीस. लोक हसतायत. काढून टाक ते."

"पप्पा, मी अमावस्या मानत नाही. बाजार मानतो," स्नेहा म्हणाली. "त्या बाजाराचा सर्व्हर मी चालवते. तो कधी रिकामा असतो, हे लिहायची मला लाज का वाटावी? दुसरी आवृत्ती नाही निघाली तरी चालेल. वाक्य राहणार."

गुरुजी उठून आत गेले. बाप-लेकीचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

प्रकाशकाने दुसरी आवृत्ती खरोखरच रद्द केली. त्याच आठवड्यात पुस्तकाखाली एक नवा अभिप्राय आला. खाली पूर्ण नाव होतं, भिकन पगारे.

'मी लेखिकेचा बाप आहे. अमावस्येचे वाक्य मला मुळीच आवडले नाही. परंतु मी पुस्तक शेवटपर्यंत वाचले आहे, आणि ते वाक्य खरे आहे. खरे लिहिलेले माझ्या मुलीने कोणाच्याही हसण्याला किंवा रागाला भिऊन खोडू नये. माझ्याही नाही.'

तारे मात्र त्यांनी पाचपैकी चारच दिले.