ओव्हनची किल्ली

अंबडच्या कंपनीत मी नायलॉनचे गियर काढणाऱ्या मशीनवर होते. ते मशीन सेट करायचे आमचे जुने सेटर, ज्यांना सगळे काका म्हणायचे. मला शिकवायचं कामही त्यांचंच. पण पॅनेलला हात लावायच्या आधी ते मला काहीतरी आणायला पिटाळायचे. परत यावं तर मशीन सुरू! "काय केलंत?" विचारलं की म्हणायचे, "हात बसावा लागतो, पोरी."

मी एकटीने मशीन लावलं की गियरवर पांढरे चट्टे यायचे. काकांनी मॅनेजरसमोर सांगितलं, "बायकांना हे जमत नाही." दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला. खोकी चिकटवताना त्यांचं हसणं ऐकू यायचं. तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मग काका पुतणीच्या लग्नाला येवल्याला गेले आणि गियरवर पुन्हा चट्टे यायला लागले. ऑर्डर अडकली. मॅनेजरने फोन केला, तर म्हणाले, "आल्यावर बघू." माझं डोकं तापलं, पॅकिंग सोडून मी मशीनपाशी गेले. पॅनेलवरचे आकडे तर त्यांचेच होते, मग चुकत काय होतं? एकदम आठवलं, आम्ही सकाळी यायचो तेव्हा कोपऱ्यातला ओव्हन कोमट असायचा. त्याची किल्ली काकांच्या खिशात असायची. मी मॅनेजरकडून दुसरी किल्ली मागून घेतली, नायलॉनचे दाणे ओव्हनमध्ये चांगले सुकवले आणि मग मशीनमध्ये ओतले. गियर स्वच्छ निघाला. चट्टे दाण्यांतल्या ओलीमुळे यायचे; काका सगळ्यांच्या आधी येऊन ती घालवत होते, एवढंच!

हे मी स्वतःपुरतं ठेवू शकले असते. पण मग त्यांच्यात नि माझ्यात फरक काय, असले थोर विचार माझ्या मनात नव्हते. मला त्यांचं महत्त्व संपवायचं होतं. काका परतले त्या दिवशी चहाच्या सुट्टीत, त्यांच्यादेखत, मी सगळ्या ऑपरेटरना ओव्हनपाशी बोलावलं आणि दाणे कसे, किती सुकवायचे ते दाखवलं.

काका कडाडले, "हे माझं आहे! तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलंत, काका. म्हणून तर सगळ्यांना सांगतेय."

कुणीतरी हसलं. ते हसणं मला फार गोड लागलं.

मशीन आपल्यावाचून चालत नाही, तेव्हा निवृत्तीनंतरही कंपनी आपल्याला ठेवून घेईल, असं काका धरून चालले होते. त्यांची निवृत्ती आली, तेव्हा कंपनीने नारळ दिला, शाल दिली. गेटपाशी त्यांनी मला विचारलं, "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणाले आणि पाळीवर गेले.