थंड व्हरांड्यातली नळी

कल्पना करा, तुमच्या हातात रक्ताची नळी आहे. रक्त साकळून तळाशी बसलंय आणि वर सीरम आहे. ते वाळल्या गवतासारखं पिवळसर हवं, पण उजेडात धरल्यावर गुलाबी दिसतं. म्हणजे लाल पेशी फुटल्या आणि त्यांच्या पोटातलं सगळं त्यात मिसळलं. अशी नळी टाकून द्यायची असते. पण ही तुमच्या सख्ख्या बहिणीची आहे, आणि ती दुसरी देणार नाही. टाकाल?

लेइनीने टाकली नाही.

तार्तू शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेतली ती सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. आम्ही रक्तातले मायक्रोआरएनए मोजतो. पेशींत तयार होणारे हे इवलेसे रेणू. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये त्यातल्या काहींचं प्रमाण बदलतं. बाईला तपासणीच्या टेबलावर न झोपवता, नुसत्या रक्तावरून रोग लवकर कळावा, म्हणून हा सगळा खटाटोप. चाचणी अजून तयार नाही. पण लेइनीला ती एकाच बाईसाठी हवी होती. तिची थोरली बहीण एहा.

एहा वोरूजवळच्या खेड्यात गाई सांभाळते. त्यांची आई याच रोगाने गेली. तरी तपासणीच्या बोलावण्याचं पत्र आलं की एहा ते चुलीत घालते.

"सौनाच्या गरम वाफेत अख्ख्या गावाबरोबर उघडी बसतेस, तेव्हा नाही ती लाज?" लेइनी चिडवायची.

"सौनात कुणी दिवा घेऊन आत बघत नाही, बये."

शेवटी या फेब्रुवारीत एहाने दंड पुढे केला. "घे एकदाचं, तुझं तोंड तरी बंद होईल. पण परत सुई घेऊन आलीस तर कुत्रं सोडीन अंगावर."

रक्त साकळायला नळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून लेइनी सरपण आणायला गेली. आमच्याकडे हिवाळ्यात जे नासू नये ते थंड व्हरांड्यात जातं. दूध, मासे, डुकराच्या पायांची थिजवलेली जेली. एहाने इथली कुठलीही गृहिणी करेल तेच केलं. लेइनी परतली तेव्हा नळी जेलीच्या वाडग्याशेजारी उभी होती, बर्फाने पांढरी पडलेली.

"अगं ताई, काय केलंस हे!"

"खराब होईल म्हणून ठेवली. ओरडतेस काय?"

तार्तूत नळी वितळली ती गुलाबीच; गोठताना लाल पेशी फुटल्या होत्या. तरी लेइनीने ती मशीनला लावली. बरेच आकडे आजारी बायकांसारखे चढलेले आले. पण लाल पेशी फुटल्या तरी त्यातले काही असेच चढतात.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला. मी शेजारच्याच खुर्चीत होते.

"ताई, आकडे वाईट आहेत. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

पलीकडून एहाचा बारीक झालेला आवाज. "ते रक्त गोठलं म्हणून ओरडली होतीस ना? त्याने काही फरक पडत नाही?"

लेइनीने डोळे मिटून घेतले. एक खोटं बोलली असती तर एहा डॉक्टरकडे गेली असती.

"पडतो," ती म्हणाली.

"मग ते आकडे माझ्या जेलीचे!" एहा सुटल्यासारखी हसली. "चल, गाई खोळंबल्यात."

त्यानंतर एहा फोन उचलेना. लेइनी बसने गेली. एहाने कॉफी दिली, काळ्या पावावर लोणी फासून दिलं, आणि विषय निघताच गोठ्यात निघून गेली. उठताना तिने कंबर धरली होती. गाईंचं काम करणाऱ्या सगळ्याच धरतात. लेइनी दाराशी रडली, विनवण्या केल्या. आतून फक्त बादलीचा आवाज.

काल आमचे प्रमुख, डॉक्टर प्रीडिक, तिच्या टेबलापाशी आले. "लेइनी, ती गुलाबी नळी अभ्यासातून काढा. नियम आहे."

"काढते. तिचे आकडे धरू नका." तिने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "पण डॉक्टर, लाल पेशींत जे रेणू जवळजवळ नसतातच, तेही या नळीत चढलेत. थोडेसेच. ते थंडीने चढले, की ताईच्या अंगातल्या रोगामुळे?"