मामांच्या लेकीची ड्युटी

वाट पाहण्यात आमच्या साकोलीच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. एसटीत लागले तेव्हा सुरुवातीची काही वर्षे ते राखीव चालक होते. म्हणजे रोज पहाटे खाकी चढवून डेपोच्या बाकावर बसायचे आणि कोणी गैरहजर राहिला तर त्याची गाडी घ्यायची. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. लग्नाच्या पंगतीला ते चूल पेटायच्या आधी हजर असतात. दवाखान्यात नंबर लागला तरी "दुसऱ्याले जाऊ द्या, मले सवय हाय," म्हणून बसून राहतात.

त्यांची एकुलती एक स्वाती वैमानिक झाली. परवाना आला, नोकरी मात्र येईना. मामांनी फर्मान काढले, रोज सकाळी गणवेश घालून घरापुढच्या छपरीत बसायचे. "ड्युटी कधीबी लागते. तयार नसला त्याचं नाव मागं जाते." बिचारी पांढरा सदरा घालून, खांद्यावर पट्ट्या लावून आठवडाभर बसलीसुद्धा. दूधवाला सलाम ठोकायचा, शेजारच्या बाया "विमान केव्हा येते वं?" म्हणून विचारायच्या. आम्ही पोटभर हसलो. मग एका सकाळी ती घरच्याच कपड्यांत बाहेर आली.

"बाबा, कंपन्या मेल पाठवतेत. छपरीत पाहाले कोनी येत नाही."

"मंग मी डेपोत काय येड्यासारखा बसलो होतो का वं?"

"तुमाले मालूम होतं, एक ना एक दिवस गाडी भेटनारच. मले तेवढं तरी कोन सांगते?"

त्या दिवशी मामा जेवलेही नाहीत.

वर्ष सरले, दुसरेही सरत आले. शेवटी मागच्या महिन्यात स्वातीने नागपूरच्या विमानतळावर प्रवाशांची तिकिटे तपासायची नोकरी धरली. मला फार वाईट वाटले. मामा मात्र खूश! तिची बस सुटताना खिडकीशी जाऊन म्हणाले, "आता तू डेपोच्या आत हायेस. बाहेर नोको पडू. ज्या दिवशी पायलट येनार नाही, त्या दिवशी तुलेच बलावतीन." स्वातीने मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवले.

असे कधी होत नसते, हे तिला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. मामांना ते सांगायची हिंमत आम्हा दोघांचीही झालेली नाही. आज सकाळी त्यांचा फोन आला होता.

"स्वातीले इचार ना, आज कोनी पायलट गैरहजर हाय काय?"

"विचारतो मामा," मी म्हणालो.