बाबांसाठी कीबोर्ड शोधताना

गेल्या महिन्यातला रविवार. आमगावला आईबाबांच्या हॉलमध्ये आम्ही तिघं बसलो होतो आणि कुणीच बोलत नव्हतं... बाबांना बोलता येत नव्हतं, आणि आईचं नि माझं समजावून झालं होतं.

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेतात. सोमवारपासून नागपूरला रेडिएशन सुरू व्हायचं होतं, आणि उशीर करू नका असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

बाबा मात्र नाही म्हणत होते. नुसती मान हलवायची आणि खिडकीकडे तोंड फिरवायचं... नागपूरला रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर घालायच्या जाळीच्या मास्कचं माप देऊन आले, तेव्हापासून हे सुरू झालं होतं.

लिहून सांगा म्हटलं, तर हात थरथरतो. अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, मग कागद चोळामोळा करून कोपऱ्यात. मोबाइलवर तर एका बोटाखाली चार अक्षरं येतात... "काऊन असे करून राहिले जी तुमी?" आई विचारायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

हॉलमधल्या टीव्हीला मी माझा जुना कॉम्प्युटर जोडून दिला होता. त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय, बाबांना नाटकं-गाणी बघता यावीत म्हणून. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, तेव्हा एवढं जमतं... या मोठ्या पडद्यावर बाबांनी टाइप केलं तर, असं डोक्यात आलं. नोकरीभर ते तहसीलमध्ये टायपिस्ट होते.

वायरचा कीबोर्ड नको होता. बाबांची खुर्ची खिडकीशी, टीव्ही समोरच्या भिंतीवर, आणि मधून आईची सारखी ये-जा. पाय अडकून ती पडली असती तर वेगळंच संकट.

पहिला आणला तो रिमोटएवढा, टचपॅडवाला. थरथरत्या हाताने त्यावरचा बाण पडद्यावर नुसता पळत सुटला, आणि रबराच्या बारक्या कीज बाबांना सापडेनात. त्यांनी तो उलटा करून ठेवून दिला.

दुसरा ब्लूटूथचा. थोडा वेळ हात लावला नाही की तो झोपायचा... पुन्हा जोडला जाईपर्यंत पहिली दोन-तीन अक्षरं गायब. आधीच आवाज गेलेल्या माणसाची अक्षरंही गिळली जात होती. बाबांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती मला झेपली नाही.

शेवटी शनिवारी गोंदियाच्या बाजारात जाऊन पूर्ण आकाराचा घेतला. टचपॅड नाही, मोठ्या उंच कीज, यूएसबीत छोटा डोंगल लावला की वायरशिवाय लगेच जोडला जाणारा. "मॅडम, टीव्ही के लिए तो सब छोटावाला लेते हैं," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, मुझे बडा ही चाहिए.

रविवारी तो जोडला. लिनक्समध्ये जुन्या मराठी टाइपरायटरची रचना बसवली. हात थरथरून एकच की लागोपाठ दोनदा दाबली गेली तर दुसरी धरायची नाही, अशी सेटिंगही केली.

"याच्यावर त इंग्रजीच लिवलं आहे," आई म्हणाली. मी कीबोर्ड बाबांच्या मांडीवर ठेवला... हेही फसलं तर पुढे काय करायचं, मला माहीत नव्हतं.

बाबांनी बोटं कीजवर ठेवली, मधल्या दोन कीजवरच्या उठलेल्या खुणा चाचपल्या. त्यांनी कीबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावर पहिला शब्द उमटला... "प्रति,"

त्यांनी तो स्वतःच खोडला. आणि मग थांबत थांबत पुढची अक्षरं आली.

"तो मास्क टेबलाले कसून टाकते. मान हालत नाही. दार लावून सारे बाहेर जाते. मले श्वास अडकला त हाक कशी मारू?"

आई एकेक शब्द मोठ्याने वाचत होती. शेवटचा शब्द वाचून तिने पदर तोंडाला लावला... "हे त आमाले समजलंच नाई जी."

मास्कचं माप घेणाऱ्या टेक्निशियन ताईंचा नंबर माझ्याकडे होता. रविवार आहे, उचलतील का... उचलला. मी फोन स्पीकरवर टाकून बाबांचं वाक्य वाचून दाखवलं.

"काका, आत तुम्ही एकटे असलात तरी कॅमेऱ्यात आम्ही तुम्हाला सतत बघतो," त्या म्हणाल्या. "हातात बेल देतो. नुसता हात हलवला तरी मशीन थांबते. आणि गळ्याच्या छिद्रावर मास्क मोकळा ठेवलाय."

बाबांची बोटं पुन्हा चालली. "दार उघडायले किती वेळ लागते?" मी वाचलं.

ताई म्हणाल्या, "दार जड आहे काका, लगेच उघडत नाही. पण तुम्ही हात हलवला की मी दाराशी पोचलेली असते. उद्या आधी मशीन न लावता नुसता मास्क घालून बघू. नाही जमलं, तर काढू."

आई आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो. मग पडद्यावर ओळ आली... "सकाळची गाडी किती वाजता आहे?"

सोमवारी आधी नुसता मास्क घालून पाहिला, तो बाबांना जमला. मग त्या जड दारावर मशीन सुरू झाल्याचा लाल दिवा लागला, तेव्हा आईने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. दिवा विझला, दार उघडलं... बाबा चालत बाहेर आले. कपाळावर जाळीच्या खुणा, आणि बेल वाजवावी लागली नव्हती.

रेडिएशन अजून सुरू आहे. काही दिवस बरे, काही वाईट. पण आता नको असेल तर का नको, हे तरी ते सांगतात.

आम्ही सगळे त्यांना हट्टी म्हणत होतो... ते घाबरले होते. दार जड आहे हे न लपवता सांगणाऱ्या त्या ताईंचे आभार कसे मानावेत, मला अजून कळत नाही.