हळू म्हणजे किती हळू

वाद्यवृंदात सगळे तिला नकलेवाली म्हणत. धाकटा भाऊ संगीत रचायचा आणि ही त्याच्या कागदांवरून प्रत्येक वादकासाठी वेगळी प्रत उतरवायची. तीस वर्षं तेच टेबल आणि तेच भांडण. भाऊ सूर लिहायचा, पण कुठे जोरात नि कुठे हळू, हे लिहिणं त्याच्या जिवावर यायचं. वाजवणाऱ्याला कान असतात, म्हणायचा. असतात की, ही म्हणायची, पण तो ट्रम्पेटवाला गाल फुगवून फुंकायला लागला की स्वतःशिवाय कुणाचं ऐकतो का? आणि नुसतं ‘हळू’ लिहूनही भागत नाही. किती हळू? चहाडी करताना बोलतात तितकं, की आजाऱ्याच्या उशाशी?

दोन वर्षांपूर्वी भाऊ आपणहून खुणा करू लागला. जोरात. अजून जोरात. हिला आभाळ ठेंगणं झालं. उशिरा का होईना, गाढवाला अक्कल आली. तीन रचना तिने खुशीत जशाच्या तशा उतरवल्या.

चौथी रचना वहिनी गेल्यावरची. छोटीशी, अंगाईसारखी. तिच्यावरही पानभर ‘जोरात’. हिचं पेन थबकलं. अलीकडे दाराची बेल वाजली तरी भाऊ जागचा हलत नसे, ते तिला तेव्हा आठवलं.

त्याला विचारायला जीभ रेटेना. प्रतींमध्ये तिने प्रत्येक ‘जोरात’च्या जागी गुपचूप ‘अगदी हळू’ लिहिलं.

तालमीला भाऊ पहिल्या रांगेत बसला होता. व्हायोलिनं सुरू झाली. ट्रम्पेटवालासुद्धा जीव मुठीत धरून फुंकत होता. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, “अरे, करा ना सुरुवात.”

कुणी हसलं नाही. व्हायोलिनवरचे गज एकेक करून थांबले. भावाने जवळच्या वादकापुढची प्रत उचलली, वाचली आणि बहिणीकडे वळला.

“ताई, तुला कधी कळलं?”

“ही लिहिताना.”

त्याने कानामागे हात धरला. तिला ते ओरडून सांगावं लागलं, सगळ्यांदेखत.

त्याने प्रत वादकापुढे परत ठेवली. मग म्हणाला, “तू लिहिलंयस तसंच वाजवू दे. तिच्यासाठी आहे ते.”

पुन्हा सुरू झालं. नकलेवाली त्याच्या शेजारी जाऊन बसली. तो दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघे, आणि संगीत कुठवर आलंय ते ती मांडीवरच्या कागदावर बोट सरकवत त्याला दाखवत राहिली.