डोंगरावर राहणारा गैरहजर

योम मानशिकला आयुष्यात एकच दिवस हवा होता. सकाळी उठावं आणि आपल्यावाचून जगात कुणाचंही काही अडलेलं नसावं, असा एक दिवस. मागणं तसं मोठं नव्हतं, पण थेगू शहरात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते देणार कोण? हा जेवायला बसला की शहरात कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकायचंच. सोजिन, त्याची एकुलती एक मुलगी, लग्नात त्याचा हात धरून चालत होती, तेव्हासुद्धा त्याच्या खिशातला फोन थरथरत होता.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्याने नोकरी सोडली आणि योंगयांगच्या डोंगरात राहायला जायचं ठरवलं.

"सोजिनचे बाबा, त्यासाठी डोंगर कशाला?" त्याच्या बायकोने, मालसुनने विचारलं. "फोन बंद करून ठेवला तर नाही चालणार?"

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. आठवडाभर शाळेतल्या पोरांसाठी भाताचे हंडे उचलते, आणि रविवारी पडून राहायला मला घरातली फरशी पुरते. हिवाळ्यात खालून गरमसुद्धा होते."

ती गेली नाही. महिन्यातून एकदा किमचीचा डबा बसने पाठवायचं तेवढं तिने कबूल केलं.

इथवर ठीक होतं. चूक झाली ती जागा निवडताना. रानात जमीन घ्यायची तर तिथेही पैसे मोजावे लागतात. पण योम घराण्याची एक टेकडी होती. वरच्या अंगाला पूर्वजांच्या कबरी, खाली जुन्या राखणदाराची रिकामी झोपडी. भाडं नाही, शेजार नाही. मानशिकला वाटलं, आपल्यासारखा हुशार कुणी नाही. जिवंत माणसांपासून पळून तो मेलेल्या नातेवाइकांच्या शेजारी राहायला गेला, आणि मेलेल्यांनाही जिवंत नातेवाईक असतात हे विसरला.

रानात निवांतपणा असतो असं जो म्हणतो, त्याने कधी रानात सरपण फोडलेलं नसतं. पहिल्या वर्षी छप्पर गळलं, झऱ्याची नळी गोठून फुटली, फरशी तापवायला तिच्याखाली असलेली चूल पेटवली की धूर घरात आणि ऊब बाहेर. पण त्याची त्याला चीड येत नसे. लाकूड फोन करून 'कधी येताय' असं विचारत नाही. समोरच्या डोंगरावर मोबाइलचा मनोरा मात्र होता आणि झोपडीत आवाज अगदी खणखणीत यायचा.

छुसोकचा, म्हणजे शरदातला पूर्वजांचा सण यायच्या आधी कबरींवरचं गवत कापायचं, ही रीत. घराण्यातल्या प्रत्येक घरातून एकाने यायचं. जो येणार नाही त्याने पन्नास हजार वॉन दंड भरायचा, तो घराण्याच्या निधीत जातो. लिफ्टच्या नोकरीत मानशिकने वर्षानुवर्षं निमूटपणे दंडच भरला होता. पहिल्या वर्षी तो डोंगरावर आला, आणि थेशिकचा फोन आला. थेशिक म्हणजे थोरल्या शाखेचा मोठा भाऊ. घराण्यात त्याचा शब्द शेवटचा.

"मानशिक, तू तिथंच आहेस."

"हो, दादा."

"आणि तसा रिकामाच आहेस."

त्या वर्षी कुणीही आलं नाही. सगळ्यांनी आनंदाने दंड भरला आणि मानशिकने एकट्याने सगळी टेकडी कापली. गांधीलमाश्यांनी कान सुजवला. कापून झाल्यावर फोटो पाठवायचे होते. सोलमध्ये चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चुलतभावाने, उशिकने, फोटो मोठा करून पाहिला आणि कळवलं, "आजोबांच्या डाव्या अंगाला जरा उंच राहिलंय."

मग ते चालूच राहिलं. रानडुकरांनी पणजीची कबर उकरली, माती लोटायला मानशिक. कुणाला औषधाला मुळ्या हव्यात, खणायला मानशिक. जानेवारीत उशिकचा फोन.

"पोराची परीक्षा आहे रे. तू तिथंच आहेस, तर माझ्या वतीने पणजोबांना दोनदा नमस्कार घाल."

मानशिकने गुडघाभर बर्फात दोनदा डोकं टेकवलं. पोरगा नापास झाला. उशिकने पुन्हा फोन करून विचारलं, "नीट वाकला होतास ना?"

या वर्षी मात्र त्याने चंग बांधून तयारी केली होती. सरपण वळचणीपर्यंत रचलं, बटाटे काढून झाले, छपराला नवा पत्रा. चेस्टनटच्या झाडाखाली त्याने फळ्या ठोकून एक रुंद बैठक केली. सणाआधीचा एक रविवार ठरवला. त्या दिवशी या बैठकीवर पडायचं आणि संध्याकाळी उठायचं. बस.

त्याच आठवड्यात थेशिकचा फोन आला.

"यंदा आम्ही सगळे येतोय. तू टेकडी इतकी छान ठेवली आहेस की बायका-पोरंही यायचं म्हणतायत. येत्या रविवारी. मांस आम्ही आणतो, तू कोळसा पेटवून ठेव. आणि गवत आदल्या दिवशी काप म्हणजे पोरांना बसता येईल."

"दादा, गवत कापायलाच तर सगळ्यांनी यायचं असतं."

"अरे, इतक्या लांबून येणारी माणसं दमलेली असतात. तुझं काय, तुला रोजच सुट्टी." थोडं थांबून तो म्हणाला, "टेकडी घराण्याची आहे, मानशिक. कुणी तुझ्याकडे भाडं मागितलंय का?"

मानशिकने फोन ठेवला आणि लगेच मालसुनला लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी सोडली, घर सोडलं, गरम पाण्याचा नळ सोडला," ती म्हणाली, "आणि शेवटी काय, राखणदार झालात. तोही बिनपगारी."

"नाही म्हटलं तर झोपडी जाईल."

"जाऊ दे की. नाहीतरी तिथे तुम्ही बसलाय कधी?"

हे त्याला फार झोंबलं, कारण ते खरं होतं. शनिवारी तो गवत कापायचं यंत्र घेऊन कबरींपाशी उभा राहिला. गवत मांडीपर्यंत वाढलं होतं. यंत्र चालू केलं, आणि लगेच बंद केलं. मग खाली येऊन त्याने पात्याला धार लावली, टाकी काठोकाठ भरली आणि यंत्र नव्या बैठकीवर अगदी मधोमध ठेवलं. शेजारी पाण्याचा कॅन. फोनवरून घराण्याच्या खात्यात पन्नास हजार वॉन पाठवले आणि थेगूची बस धरली.

रविवारी तो चौदाव्या मजल्यावरच्या आपल्या घरात फरशीवर आडवा झाला. मालसुन आधीच पडली होती, उशाला उशी, हाताशी सोललेल्या नासपत्या. तिने पाहिलं आणि थोडी सरकली.

"पंखा तुमच्याकडे वळवू?"

"नको. हलू नकोस."

दुपारी फोन वाजला. मालसुनने नाव वाचलं. "थोरले आहेत. उचला, नाहीतर दिवसभर वाजवतील."

"मानशिक, कुठे आहेस तू?" थेशिक धापा टाकत होता. "आम्ही सगळे इथं, तुझा पत्ता नाही. गवतात पोरं दिसत नाहीयेत."

"दादा, मी यंदा गैरहजर आहे. दंड भरलाय. खातं बघा."

पलीकडे यंत्र घरघरत होतं. ते उशिक चालवत असावा, कारण मध्येच त्याच्या ओरडण्याचा आवाज आला.

"अरे, पण तू तर इथंच राहतोस," थेशिक म्हणाला.

"राहतो, पण आलो नाही. रीत येण्याची आहे."

"सणाला ये, मग बोलू या झोपडीबद्दल."

"बोलू."

"आणि पुढच्या वर्षीपासून दंड दुप्पट करणार आहे मी."

"करा, दादा."

"तुझ्या या फळ्या..." थेशिकने श्वास घेतला. "आडवा झालोय यांच्यावर. गवत कापून कंबर मोडली माझी. बरं केलंयस हे." आणि फोन बंद झाला.

झोपडी राहील की जाईल, मानशिकला कळेना. मालसुनने नासपतीची फोड पुढे केली. भिंतीपलीकडे लिफ्ट वर येत होती, आणि सातव्या-आठव्या मजल्याच्या आसपास तिचा कर्र असा आवाज झाला. लिफ्ट जिच्यावरून सरकते त्या पट्टीला तेल नव्हतं. दोन महिन्यांत बंद पडणार.

"काय झालं?" मालसुनने विचारलं. "कान का टवकारलेत?"

"काही नाही," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.