कोरड्या तोंडातली दाढ

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नातीच्या तोंडात छोटा आरसा घातला आणि तो आतून गालाला चिकटला. हळूच सोडवून काढावा लागला. आठ वर्षांच्या पोरीचं तोंड सुक्या बोंबलासारखं कोरडं.

मग त्यांनी मागची दाढ दाखवली. तिच्यावर खडूसारखा पांढरा डाग होता. मी म्हटलं, पडेल आणि दुसरी येईल. आमच्या मुर्धा गावात सगळे असंच म्हणतात.

"आजी, ही दुधाची नाही," त्या म्हणाल्या. "ही गेली की गेली."

दाढेला अजून खड्डा पडला नव्हता, पण तोंड असंच राहिलं तर पडणार होता. त्यांनी डागावर औषध लावलं. दात दोन वेळा घासायचे, पाणी भरपूर प्यायचं आणि जेवल्यावर बिनसाखरेचं च्युइंगम चघळायचं. चघळलं की लाळ सुटते आणि लाळच दात धुते, असं त्यांनी समजावलं. ते मला लगेच पटलं. भरतीचं पाणी फिरलं नाही की खाडीतही गाळ बसतो. सोबत आलेल्या सुनेला मात्र पटेना. पोरगी म्हशीसारखी रवंथ करत बसेल, म्हणाली.

"करू दे," मी म्हटलं. "म्हशीनं कधी दात भरून घेतलेला पाहिलास काय?"

हाटकेशच्या त्या दवाखान्यातून रिक्षाने परतताना मी नातीला विचारलं, शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच का येते?  ती बाहेर बघतच म्हणाली, "संडासाला आतून कडी न्हाय, आजी. म्हणून मी पाणीच पीत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, सुट्टीत सगळी दुरुस्ती होणारच आहे. मी म्हटलं, "तवर पोरी तहानलेल्या ठेवता? सुतार मी आणते." तो आणावा लागला नाही. त्याच आठवड्यात कडी बसली आणि बाटली रिकामी घरी येऊ लागली. च्युइंगमचा मचमच आवाज मला अजून आवडत नाही, पण मी गप्प बसते.

काही महिन्यांनी परत दवाखान्यात गेलो. आरसा आत गेला आणि सहज बाहेर आला. डाग तिथेच होता, पण कडक झाला होता. खड्डा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

दुधाच्या दोन दाढा आधीच किडून पडल्या होत्या. ही राहिली.